घरी घडविलेला कॅमेरा

मुंबईच्या चोरबाजारात बंद पडलेले घड्याळ, कर्णा हरवलेला ग्रामोफोन, भिंग फुटलेला कंदील आणि तीन पायांची खुर्ची या सर्वांना एकाच गोणपाटावर जागा मिळते. ज्या वस्तूचा मालकास कंटाळा आला ती तेथे येते, आणि ज्याला तिचा उपयोग ठाऊक असतो तो ती उचलून नेतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हापूरच्या दोन चित्रकारांनी मुंबईच्या अशा जुन्या बाजारातून चलच्चित्रे दाखविण्याचे एक वापरलेले यंत्र विकत घेतले. एकाचे नाव आनंदराव मिस्त्री व दुसऱ्याचे बाबूराव मिस्त्री. दोघे चुलतभाऊ. नाटकांचे पडदे रंगविण्याच्या त्यांच्या व्यवसायावरून लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि पुढे तेच त्यांचे आडनाव होऊन बसले. त्या यंत्राच्या संगतीत त्यांच्या मनात कॅमेरा घडविण्याची जी इच्छा मूळ धरून बसली ती पुरी होण्यास काही वर्षे लागली, आणि तोवर त्या दोघांपैकी एक या जगात राहिला नव्हता.

त्या इच्छेतील धाडस आज सहज उमगणार नाही. त्या काळी चित्रपट काढावयाचा म्हटले की कॅमेरा विलायतेहून आगबोटीने आणावयाचा आणि त्याची किंमत पौंडांत मोजावयाची. कच्ची फिल्म, तिच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र, प्रती छापण्याचे यंत्र, सारे तिकडूनच यावयाचे. त्यातच १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि तिकडून येणारा माल दुर्मिळ व महाग झाला. अशा वेळी कोल्हापुरात बसून कॅमेराच घडवावा ही कल्पना व्यवहारी माणसास वेडेपणाची वाटली असल्यास नवल नाही. परंतु चित्रपटाच्या जन्माची कथा जो पाहील त्याला मात्र हा वेडेपणा फारसा अनोळखी वाटणार नाही.

चित्रपटाची कुळी खेळण्यांची आहे. १८३२ साली बेल्जियममधील जोझेफ प्लातो या शास्त्रज्ञाने एका तबकडीच्या कडेला क्रमाक्रमाने बदलत जाणारी चित्रे काढली, मधून फटी पाडल्या, आणि ती आरशासमोर गरगर फिरवून फटींतून पाहिली. तेव्हा चित्रातील माणूस नाचू लागला. दोनच वर्षांनी इंग्लंडात हॉर्नरने तबकडीऐवजी फटींचा डबा घेऊन त्याच्या आत चित्रांची पट्टी बसविली. १८७७ साली फ्रान्सच्या रेनोने फटी काढून आरसे लावले. ही सारी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत मुलांचे मन रमविणारी खेळणी होत. आपल्याकडेही कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडून पुराणकथा दाखविल्या, आणि त्या खेळाला ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. काच सरकवावी आणि पडद्यावरचे चित्र हलावे, एवढ्या युक्तीवर त्या खेळाने महाराष्ट्रात गावोगावचे प्रेक्षक जमविले.

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली जे यंत्र तयार केले त्यात या खेळण्यांना छायाचित्रणाची जोड मिळाली. फिल्मची पट्टी भिंगासमोर एक क्षण स्थिर राहावी, मग झटकन पुढे सरकावी व पुन्हा थांबावी, ही मोठी अडचण होती. तिचे उत्तर शिवणयंत्रावरून सुचले. शिवणयंत्रात कापड जसे टाक्याटाक्याने पुढे जाते, टाका पडेपर्यंत थांबते आणि मग पुन्हा सरकते, तद्वत फिल्मच्या भोकांत शिरून तिला खाली ओढणारा एक पंजा त्यांनी बसविला. या यंत्राचा दुसरा विशेष असा की, चित्र घेणे, त्याची प्रत छापणे व ते पडद्यावर दाखविणे ही तिन्ही कामे तेच एक यंत्र करीत असे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात याच यंत्राने हिंदुस्थानातील पहिला खेळ दाखविला. चित्रे घेणारे यंत्र व दाखविणारे यंत्र ही मुळात सख्खी भावंडे होत, ही गोष्ट पुढील हकीकत समजण्यास ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एडिसनने एका माणसाने डोळा लावून पाहावयाचे चलच्चित्रांचे यंत्र अमेरिकेत तयार केले, परंतु इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले नाही. १८९४ साली लंडनमध्ये रॉबर्ट पॉल नावाच्या शास्त्रीय उपकरणे बनविणाऱ्या कारागिराकडे दोन ग्रीक खेळवाले आले आणि त्या यंत्रासारखी यंत्रे करून मागू लागले. पॉलने एक यंत्र खोलून पाहिले व हुबेहूब तशी यंत्रे घडविली. पण एडिसनच्या फिल्म त्या नकली यंत्रांना मिळेनात. मग दाखवावयाचे काय? त्या गरजेपोटी पॉलने बर्ट एकर्स या छायाचित्रकाराच्या साहाय्याने १८९५ साली स्वतःचा कॅमेराच तयार केला. ज्या विल्यमसन कंपनीचे कॅमेरे पुढे आपल्याकडे नावाजले गेले तिचा संस्थापक जेम्स विल्यमसन हा समुद्रकाठच्या एका गावी औषधांचे दुकान चालवीत असे. सारांश, विलायती कॅमेराही आकाशातून पडला नव्हता. तोही कोणीतरी दुसऱ्याचे यंत्र पाहून, खोलून व पुन्हा जुळवूनच सिद्ध झाला होता.

महाराष्ट्रात या वाटेने प्रथम निघाले ते धुंडिराज गोविंद फाळके. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट मुंबईत पाहून आल्यावर त्यांना दुसरे काही सुचेना. त्यांनी लहानसा कॅमेरा व फिल्मचे तुकडे आणले, मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाडून घराच्या भिंतीवर चित्रे हलविली, आणि ध्यास इतका घेतला की डोळ्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले व तेथून पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. घरी आल्यावर कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे रोजच्या रोज टिपून त्यांनी एक छोटी फिल्म केली व ती दाखवून भांडवल उभारले. परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातच अंधारात बसून करीत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. फाळक्यांनी चित्रपटाची विद्या हस्तगत केली. पण कॅमेरा मात्र विकत आणावा लागला. येथपर्यंत एक मजल झाली. पुढची मजल कोल्हापुरास व्हावयाची होती.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा. वडील कृष्णराव मिस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम, रंगकाम, मूर्तिकाम व हस्तिदंतावरील कोरीवकाम अशा अनेक कलांत निपुण होते. ज्या घरात रंधा, पटाशी व गुण्या यांच्या शेजारीच कानस, हातोडी व रंगाचा कुंचला नांदतो, त्या घरातल्या मुलास लाकूड, लोखंड व रंग यांत परकेपणा वाटत नाही. शाळेत फारसे शिक्षण झाले नाही, तरी हाताचे शिक्षण अखंड चालू होते. गादीवर शाहू छत्रपती होते, आणि नाटक, संगीत, मल्लविद्या व चित्रकला यांना दरबारचा आश्रय होता. १९१० पासून पुढे आनंदराव व बाबूराव यांची नाटकाचे पडदे रंगविणारे म्हणून पश्चिम हिंदुस्थानात कीर्ती झाली. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी रंगविलेले पडदे पाहण्यासाठीही लोक नाटकास येत. सपाट कापडावर राजवाडा, अरण्य वा नदीचा घाट असा काढावयाचा की मागच्या बाकावरील माणसासही तो खोल वाटावा, हे त्यांचे काम. जो पडद्यावर दूर-जवळचा भास उत्पन्न करतो, त्याला हलणाऱ्या पडद्याची ओढ लागावी यात आश्चर्य ते काय?

‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर ती ओढ निश्चयात पालटली. जुन्या बाजारातून आणलेल्या यंत्रावर त्यांनी कोल्हापुरात चित्रपट दाखविण्यास सुरुवात केली. या उद्योगाने दोन कामे साधली. प्रेक्षकांचे पैसे मिळत, आणि रोज तेच यंत्र हाताळून त्याचा स्वभाव कळत गेला. फिल्म कोठे अडकते, कोठे फाटते, चित्र कोणत्या कारणाने थरथरते, हे पुस्तकात वाचून जितके कळत नाही तितके रात्री प्रेक्षक खोळंबलेले असता यंत्र दुरुस्त करणारास कळते. दाखविण्याच्या यंत्रात दिव्याचा उजेड फिल्ममधून व भिंगातून बाहेर पडद्याकडे जातो. कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड भिंगातून आत फिल्मवर येतो. वाट तीच, दिशा मात्र उलटी. फिल्मची रिळे, दातेरी चाके, फिल्म ताठ धरणारी चौकट, तिला चित्राचित्राने पुढे नेणारी योजना, आणि ती सरकत असताना उजेड अडविणारी फिरती झडप ही दोन्ही यंत्रांत असतातच. तेव्हा ज्याला एक यंत्र अंतर्बाह्य कळले त्याला दुसऱ्याचा निम्मा नकाशा मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु उरलेला निम्माच फार अवघड होता. दाखविण्याच्या यंत्रात थोडा उजेड इकडेतिकडे सांडला तरी बिघडत नाही. कॅमेऱ्यात सुईच्या अग्राएवढ्या फटीतून आलेला उजेड सारी फिल्म काळी करून टाकतो. शिवाय मापे पाहावी. फिल्मची रुंदी ३५ मिलिमीटर; एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके; फूटभर फिल्मवर १६ चित्रे. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण तितकीच चित्रे घेत. म्हणजे सेकंदात एक फूट फिल्म यंत्रातून जावयाची, आणि तीही सरळ न जाता सोळा वेळा थांबून सोळा वेळा सरकावयाची. मूठ फिरविणाराने सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना अधिक, असा ताल हाताने सांभाळावयाचा. चित्राची रुंदी इंचाहूनही किंचित कमी. पडद्यावर ते दहा फूट रुंद केले तर सव्वाशे पटीने वाढते. पंजा फिल्मवर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने जरी चुकला, तरी पडद्यावर राजा व त्याचा वाडा दोन्ही सेंटिमीटरभर उड्या मारू लागतात. सुताराच्या कामात जी चूक लांबी भरून झाकता येते, ती येथे पडद्यावर शतपट होऊन सर्वांसमोर उभी राहते. कानशीने घासावे, बसवून पाहावे, काढावे, पुन्हा घासावे, असे हे काम. त्यात उतावळेपणास थारा नाही.

हे काम असे अर्ध्यावर असता १९१६ साली आनंदरावांचा अंत झाला. ज्याच्याबरोबर पडदे रंगविले, ज्याच्याबरोबर यंत्र विकत आणले व ज्याच्याशी रात्र रात्र चर्चा करावयाची, तो भाऊच गेला. बाबूरावांचे वय त्या वेळी सव्वीस. पडद्यांच्या धंद्यात नाव होते व पोट भरत होते. कॅमेऱ्याचा नाद सोडून दिला असता तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी तो सोडला नाही. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत गोविंद दामले हे पेणहून आलेले तरुण काम शिकत होते. दामले मूळचे चित्रकलेसाठी आलेले, परंतु यंत्राची जाण त्यांच्या अंगी उपजतच होती. भावाची रिकामी झालेली जागा शिष्याने भरून काढली. धातूचे भाग घडविणे, ते जुळविणे, चालवून पाहणे व चुकले की पुन्हा मोडणे हा क्रम गुरुशिष्यांनी पुढे चालविला. आणि १९१८ साली कोल्हापुरात घडविलेला कॅमेरा चालू झाला. विलायती कॅमेऱ्याच्या धर्तीवर तो केला होता, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. पण त्यातील प्रत्येक खिळा कशासाठी आहे, हे सांगू शकणारी दोन माणसे कोल्हापुरात उभी राहिली होती.

नुसता कॅमेरा झाल्याने चित्रपट होत नाही. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले, दरबारची कृपादृष्टी लाभली, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. शेख फत्तेलाल हे कागलचे चित्रकारही मंडळीत होते. या कॅमेऱ्याने घेतलेला ‘सैरंध्री’ हा चित्रपट फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात प्रदर्शित झाला. फाळक्यांना पहिल्या चित्रपटात स्त्रीची भूमिका पुरुषाकडून करवून घ्यावी लागली होती. येथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षकांत घबराट झाली, आणि पुढे सरकारी तपासनीसांनी तो भाग कापावयास लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्य निवर्तले. स्वदेशीचा मंत्र सांगणाऱ्या त्या पुरुषाने देशात घडलेल्या कॅमेऱ्याचा पराक्रम डोळ्यांनी पाहिला, एवढे समाधान कोल्हापूरकरांच्या पदरी पडले.

येथे एक प्रश्न कोणीही करील. दुसऱ्याचे यंत्र पाहून तसेच यंत्र केले, यात मोठेपणा तो कोणता? नकल ती नकलच. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. कॅमेऱ्याचे तत्त्व बाबूरावांनी शोधून काढले नाही, आणि तसा दावाही करण्याचे प्रयोजन नाही. परंतु विकत घेतलेले यंत्र बिघडले की मालक विक्रेत्याच्या दाराशी जातो. घडविलेले यंत्र बिघडले की तो हत्यारांची पेटी उघडतो. यंत्राची भीती एकदा गेली म्हणजे माणूस यंत्राला आपल्या कामास लावू लागतो. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग काळा दिसे व निळा पांढरा. तेव्हा कोणत्या रंगाचे वस्त्र पडद्यावर कसे उमटेल हे चित्रकाराने यंत्राशी बोलूनच ठरवावयाचे. रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी भरीव देखावे उभारण्याकडे बाबूराव वळले ते याच समजुतीने. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. १९२५ साली नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमिनीस मुकलेला शेतकरी शहराच्या गिरणीत जाऊन पडतो, ही त्याची कथा. देवदेवतांच्या चमत्कारांसाठी ज्या यंत्राचे कौतुक होत होते, ते यंत्र त्यांनी कुणब्याच्या झोपडीसमोर नेऊन ठेवले.

या कॅमेऱ्याचे सर्वांत मोठे फळ मात्र त्याच्या आसपास वाढलेली माणसे हे होय. कंपनीत जो येई त्याला सुतारकामापासून रंगकामापर्यंत आणि फिल्म धुण्यापासून अभिनयापर्यंत सारे करावे लागे. शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण तेथे पडेल ते काम करीत शिकला. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व केशवराव धायबर हे गुरूची कंपनी सोडून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने १ जून रोजी त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. कॅमेरा घडविताना ज्याने भावाची जागा भरून काढली होती तो शिष्यही गेला. बाबूरावांना ते लागले नसेल असे कोण म्हणेल? पण घरी शिकलेली विद्या घरात कोंडून राहत नाही. बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनिमुद्रणाची विद्याही अशीच हस्तगत केली. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, तेव्हा त्या गौरवामागे वीस वर्षांपूर्वीच्या त्या कानशीचा आवाज जाणत्यांस ऐकू आला असेल.

बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी निवर्तले. कोल्हापुरात खरी कॉर्नरपाशी आज कॅमेऱ्याचे एक स्मारक उभे आहे. योद्ध्यांचे व राजांचे पुतळे गावोगाव आहेत; एका यंत्राचे स्मारक क्वचितच आढळते. त्यापुढून जाणाऱ्यांपैकी कितीकांस आनंदरावांचे नाव ठाऊक असेल? ज्याने ते जुने यंत्र पसंत केले, जो त्यावर झटला व ज्याला आपला कॅमेरा चालताना दिसला नाही, त्याचाही त्या स्मारकात तितकाच वाटा आहे. मोडक्या वस्तूंच्या बाजारात आजही यंत्रे पडून असतात. त्यांतील एखादे उचलून घरी नेणारा, ते खोलणारा व ‘हे आपल्याला करता येईल’ असे म्हणणारा माणूस मात्र रोज भेटत नाही. कोल्हापुरास एकाच घरात असे दोघे भेटले होते.